कॅथीड्रलमधली ओटी

ओटी देवीची भरतात, देवाची नाही, एवढं मला लग्नाआधीपासून माहीत होतं.

२००५च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा इंग्लंडमधल्या एका छोट्या शहरात राहायचो. मला पाचवा महिना. आधीचं एक राहिलं नव्हतं, त्यामुळे मी मनातून टरकलेली, आणि सासूबाई माझ्याहून जास्त! दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान.

"देवीची ओटी भरल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही!"

देऊळ ट्रेनने दीड तासावर. त्यात रविवार, म्हणजे रुळांची दुरुस्ती, ट्रेन बंद! नवरा हॉस्पिटलमध्ये ऑन-कॉल.

"अगं, तुमच्या गावात कॅथीड्रल आहे ना? मेरीमाताही देवीच की!" सासूबाईंनीच तोडगा काढला.

ते नवं काँक्रीटचं कॅथीड्रल बाहेरून मला नेहमी स्विमिंग पूलची बिल्डिंग वाटायचं (माझी अक्कल!). आत पाऊल टाकलं आणि दोघींच्या माना वर! केवढं गोल, मध्ये एक खांब नाही, आणि उंच छताच्या काचांतून निळाजांभळा उजेड थेट अंगावर! सासूबाईंची मोतिया साडी निळीशार झाली. मला तर उगाचच रडू आलं.

"किती मोठं गं हिचं घर!" त्या पुटपुटल्या. "पण ही आहे कुठे?"

मूर्ती सगळ्या मॉडर्न. नाक नाही, डोळे नाहीत! पण मी पडले कॉन्व्हेंटची.

"ही बघा ना, आई. डोक्यावरून पदर, कडेवर बाळ. हीच!"

सासूबाईंनी खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. मी वाकून नमस्कार करतेय तोच मागून एक व्हॉलंटियर आजी आल्या.

"ओह, हाउ लव्हली!" मग हळूच, "दॅट्स जोसेफ, लव्ह. मेरीज ओव्हर देअर."

"काय म्हणतायत त्या?" सासूबाई.

"आई... हा जोसेफ आहे. मेरीचा नवरा."

"म्हणजे मी बाप्याची ओटी भरली?"

नारळ एकच, खण एकच, आणि भरलेली ओटी परत कशी उचलायची? माझ्या बाळासाठीची ओटी मीच वाया घालवली होती!

सासूबाईंनी एकदा वर त्या उजेडाकडे बघितलं. मग पदर सावरून जोसेफला म्हणाल्या, "अहो, घरी गेल्यावर तेवढं तिला द्या हं. विसरू नका!"

आणि माझ्या पोटात पहिलीच सणसणीत लाथ बसली. बाळ खुशाल होतं. आईच्या अकलेबद्दलचं मत मात्र त्याने जन्माआधीच बनवून टाकलं होतं!