रंगारीचाचांचा हंडा

रंगाचा हंडा नाल्यात ओतून देण्याइतकी मूर्ख मी सोळाव्या वर्षी होते, आणि ओतल्यावर स्वतःच्या हुशारीवर खूशही होते.

हंडा होता रंगारीचाचांचा. इंग्रजांच्या अमलातली गोष्ट. मंगरूळपीरला आमच्या घराखाली, नाल्याच्या काठी ते पातळं रंगवत. विलायती रंग वापरत, पण तुम्ही पाहिलेल्या रंगाऱ्यांसारखं उरलेलं पाणी फेकत नसत. खालच्या वाळूत प्यायच्या पाण्याचे झिरे होते. झिरे स्वच्छ राहतील, या अटीवरच गावाने त्यांना तिथे बसू दिलं होतं.

म्हणून त्यांनी कामाची रांगच अशी लावली होती की फेकायला रंग उरू नये. एकाच हंड्यात आधी गडद लाल पातळं, मग फेटे, शेवटी गुलाबी अस्तरं. कोणी घाई केली की म्हणत, “पानी नाई फेकाचं, कपडा लावाचा.” राहिलेलं फिकट पाणी चुन्याच्या खड्ड्यात जाई. बोरीच्या कुंपणावर ती अस्तरं वाळत, तेव्हा मी घागर घेऊन उगाच दोन खेपा जास्त करी.

लग्नानंतरचं माझं पहिलं पातळ मी कुठला रंग ते न सांगताच रंगवायला दिलं. न्यायला गेले तर चाचा नमाजाला गेलेले, पातळ कोरंच, आणि हंड्यात दुसऱ्यांच्या पातळांचं उरलेलं पाणी. हा उष्टा रंग माझ्या माथी मारणार, असं वाटलं. हंडा रिकामा केला की नवा लावावाच लागेल. पदर खोचला आणि दिला लवंडून.

संध्याकाळी झिरे लाल झाले. गाव जमलं. मी केलं, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं. पाटलांनी सासऱ्यांना सुनेला घरी न्यायला सांगितलं. चाचा एवढंच म्हणाले, की हंडा त्यांचा, झाकायचा त्यांनी होता. त्यांना जागा सोडावी लागली.

त्या अस्तरांचा गुलाबी मी अजून दुकानादुकानांत मागते. दुकानदार दहा गुलाबी पसरतात, त्यात तो नसतो. नाती हसतात, म्हातारीला पुन्हा लग्न करायचंय म्हणतात.

चाचांची बैलगाडी भरली त्या दिवशी मी रडत गेले. माझं कोरं पातळ घडी करून त्यांनी हातात दिलं आणि म्हणाले, “बेटी, तुले गडद पाहिजे होतं तं सांगाचं होतं. म्या तुयंच पयले बुडवलं असतं.”