विहीणबाईंच्या मंगलाष्टका

एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कविता वाचायचं काम मी बरीच वर्षं करतेय. कविता वाचायची, घ्यायची की नाही ते ठरवायचं आणि कवीला तसं लिहून कळवायचं. नकारसुद्धा कारणासकट लिहावा, हा माझा हट्ट. त्यापायी काही कवींनी माझ्याशी बोलणं टाकलंय आणि मला त्याचं फारसं दुःख नाही.

पण मुलाचं लग्न ठरलं आणि काशीगावहून, तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या विहीणबाईंचा मेसेज आला, तेव्हा मात्र मी धास्तावले. ‘लेकीच्या मंगलाष्टका मी स्वतः रचल्यात. इतर कवींना लिहिता तसा रीतसर अभिप्राय लिहून पाठवा. विहीण म्हणून गोड गोड नको.’ खाली पाच कडवी.

मी चष्मा लावून बसले. कविता वाईट होती, उगाच आडपडदा कशाला? सगळे काका-काकू, आत्या, मावश्या, वरसाव्याचे मामा, प्रत्येकजण नावानिशी हजर. मंगलाष्टकांची चाल ठरलेली, तिच्यात माणसं इतकी कोंबलेली की एका ओळीत भटजींचाही दम तुटला असता. आणि चौथ्या कडव्यात, एक मामा आणि एक मावशी यांच्या मधोमध, अचानक ही ओळ:

आता कोण विचारणार मजला, आई, कुठे ठेवले

मी ती मोठ्याने म्हणून पाहिली. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. शाळेतून आल्यावर कंपास, ऑफिसला निघताना पास, सगळ्या घरांत दिवसभर चालणारा तो प्रश्न. असली ओळ मला वर्षभरात एखादीच मिळते.

“आई, प्लीज,” मुलगा म्हणाला, “छान आहे म्हण आणि विषय संपव. अंगठा टाकलास तरी चालेल.”

“थापच मारायची तर त्यांनी मला विचारलं कशाला?”

“तू संपादक नाहीयेस आता. वरमाई आहेस.”

हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पण त्याचंही चुकत नव्हतं. वरमाईने हॉलच्या पंख्याला नाव ठेवलं तरी ती गोष्ट दोन पिढ्या पुरते. मी तर मुलीच्या आईच्या कवितेला नावं ठेवणार होते, तीही लेखी. लग्न मोडलं नसतं, पण ती मुलगी आमच्या घरात येताना मनात अढी घेऊन आली असती आणि ती अढी मी कशाने काढणार होते?

तरी मी लिहिलं. अंकाच्या कवींना लिहिते तसंच: ‘रचना मनापासूनची आहे, पण नातेवाइकांच्या नावांमुळे ती गुदमरली आहे. सर्व नावं वगळावीत. पाचाऐवजी दोन कडवी पुरेत. चौथ्या कडव्यातली तिसरी ओळ उत्तम आहे, तिला हात लावू नये. तिच्यासाठी बाकीची कविता पुन्हा लिहावी.’ पाठवलं आणि लगेच वाटलं, हे काय करून बसले.

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मुलानेच सांगितलं की माझ्या पत्रावरून होणाऱ्या सुनेच्या घरी सगळी भावकी जमली होती. पुढचं तिनेही त्याला सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात विहीणबाई, हातात डबा. सुक्या बोंबलांची चटणी आहे म्हणाल्या. आमच्या सिल्व्हर पार्कपर्यंत रिक्षाने आल्या होत्या, एकट्याच. मी पाणी दिलं आणि माफीची वाक्यं जुळवायला लागले.

“सुटले हो ताई मी!” त्याच म्हणाल्या. “कुणाचं नाव आधी, कुणाचं मागून, यावरून आमच्याकडं महिनाभर नुसती भांडणं. मोठे दीर एकीकडे, धाकटे एकीकडे. मला तर लिहायचंच न्हाय असं झालेलं. तुमचं पत्र सगळ्यांच्या पुढ्यात वाचलं. मोठे दीर म्हणले, वरमाईनं लिवलंय ना, मग आता काय न्हाय बोलायचं.”

म्हणजे माझी इतक्या वर्षांची कवितेची जाण कुणी विचारात घेतली नव्हती. मुलाची आई असणं तेवढं कामी आलं होतं. एरवी मी यावर तासभर बोलले असते, पण जीव असा भांड्यात पडला होता की मी नुसती हसत सुटले.

“एकच अडचण आहे,” त्या जरा वेळाने म्हणाल्या. “ती ओळ. वर्गात मुलांपुढे रोज कविता म्हणते मी, पण इथे ‘आई’पाशी आवाज बंद होतो. काढून टाकू का?”

मी मत द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे मला कळलं. त्या ओळीतलं अक्षर अन् अक्षर मी तपासलं होतं. तो प्रश्न यापुढे कुठे विचारला जाणार, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ती मुलगी आता माझ्या स्वयंपाकघरात उभी राहणार, मला आई म्हणणार आणि मलाच विचारणार. या बाईच्या घरातला प्रश्न मी उचलून आणत होते आणि वर ‘उत्तम’ असा शेरा मारून मोकळी झाले होते.

“राहू दे ओळ,” मी म्हटलं. “आणि तिची सवयही राहू दे. माझ्या घरात मलाच काही सापडत नाही. मी सांगेन तिला, आईला फोन लाव आणि विचार.”

त्या डोळे पुसता पुसता हसल्या. “तुमच्या घरात काय कुठे ठेवलंय, ते मला कसं कळणार?”

“मग आत चला,” मी म्हटलं. त्यांना ओट्यापाशी नेलं आणि वरच्या फळीपासून एकेक डबा उघडून दाखवायला सुरुवात केली.