घरी राहिलेल्यांची स्पर्धा

माझा मित्र धनंजय गेल्याचा फोन त्याच्या बायकोचा, मानसीचा, आला तेव्हा मी नेदरलँड्समध्ये, आर्नहेमच्या ऑफिसात होतो. सकाळी सायकलवरून कामाला निघाला आणि वाटेतच कोसळला, एवढंच ती सांगू शकली.

धनंजय मूळचा कोल्हापूरचा. कॉलेजात असताना पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. पुढं नोकरीनं त्याला पुण्याला नेलं आणि पुण्यानं इथल्या ब्रेडाला. इथं युरोपातले मोठमोठे सामने सोडून तो आफ्रिकेतली एक स्पर्धा लॅपटॉपवर बघायचा. देशादेशांचे संघ, पण अट अशी, की खेळाडू आपल्याच देशातल्या लीगमध्ये खेळणारा हवा. परदेशी क्लबात गेलेल्याला तिथं जागा नाही. मी पुण्याचा, फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. यात एवढं काय आहे, असं मी एकदा विचारलं.

"आफ्रिकेच्या मोठ्या स्पर्धेला निम्मी टीम युरोपातनं विमानानं येते," तो म्हणाला. "ही पोरं घरीच ऱ्हायल्यात. मी ऱ्हायलो असतो तर कसा दिसलो असतो, ते बघतोय."

आमची शेवटची भेट अशाच एका सामन्याला, त्याच्या लॅपटॉपसमोर झाली. यजमान संघाच्या कीपरच्या पायांमधून चेंडू आत गेला. मला हसू आलं. धनंजय हसला नाही. "त्या पोराची आई मैदानातच बसली असंल," एवढंच पुटपुटला.

त्याचा धाकटा भाऊ विजय कोल्हापुरातच असतो. व्हिसा वेळेत मिळाला नाही. भावाचे अंत्यसंस्कार त्यानं मोबाइलवर बघितले.

त्यानंतरच्या आठवड्यात अंतिम सामना होता. मी मानसीकडे गेलो होतो. सामना सुरू व्हायच्या वेळेला धनंजयचा फोन वाजला. विजयचा होता. मानसीनं हलक्या आवाजात सांगितलं, की एरवी दोघं भाऊ सामने असेच फोन चालू ठेवून बघायचे. तिला काही तो घेववेना. शेवटी त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीनं, इरानं, घेतला आणि स्पीकर लावला.

पलीकडून विजय म्हणाला, "बाळा... कीपर कोण हाय गं आज?"

इराला मराठी कळतं, पण बोलते ती डच. तिनं लॅपटॉप उघडला, सामना लावला आणि कीपरबद्दल डचमध्ये सांगू लागली. तिच्या बोलण्यातला 'कीपर' तेवढा विजयला कळत असावा. तो कोल्हापुरीत बोलत राहिला, ती डचमध्ये. मध्यंतर झालं, तरी दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही.