कुलपाचा व्हिडिओ आणि त्याला चिकटलेली माहिती

कारखाना निरीक्षक साहेबांनी व्हिडिओ पाहिला आणि माझा फोन टेबलावर पालथा ठेवला.

"हा कधीचा?"

"मागल्या आठवड्यातला, सोमवारचा."

"कशावरून?"

माझं डोकंच फिरलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात बायका कामावर असताना शिलाई खात्याच्या मागच्या दाराला आतून साखळी नि कुलूप असतं. किल्ली मुकादमाच्या खिशात. आग लागली तर पळायला एकच दार उरतं, आणि तिथं गठ्ठ्यांची थप्पी. आमच्या कामगार संघटनेनं तक्रार केली, तर मालकानं लिहून दिलं, दार आता उघडं असतं, व्हिडिओ जुना आहे. म्हणजे सगळं एका तारखेवर येऊन अडलं.

"यावर तुमची लाल अक्षरं, तुमचं गाणं," साहेब म्हणाले. "फाइलची तारीख तुम्ही ती बनवली त्या दिवसाची. मूळ फाइल आणा. शुक्रवारपर्यंत."

पत्रकं काढून काढून माझा हात तसाच वळलेला. व्हिडिओ आला की 'कुलूप कुणाचं, जीव कुणाचा' लिहायचं, ढोलकी लावायची, सोडून द्यायचा. त्यात तो आधीच व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. तिथून येताना व्हिडिओ दाबून लहान होतो, आणि कधी, कुठं, कुठल्या फोननं काढला ही माहिती गळून पडते. मला हे ठाऊक नव्हतं. गावभर लोकांना शहाणं करत हिंडते मी.

मूळ फाइल अक्काच्या फोनमध्ये होती. अक्का त्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी. व्हिडिओ तिनं काढलाय हे फक्त मला माहीत होतं. बुधवारी संध्याकाळी तिच्या घरी गेले.

"डॉक्युमेंट म्हणून पाठवा अक्का. मग काही गळत नाही."

"न गळता काय काय जातंय, ते वाच की आधी."

मी वाचलं. सोमवार, दुपारी एक वाजून बारा मिनिटं. फोनचं मॉडेल. खाली नकाशावर कारखान्याचा ठिपका.

"त्या टायमाला समद्या म्होरं जेवत हुत्या," अक्का म्हणाली. "आत येकटी मी गेलते. मुकादमानं इचारलं बी, कुटं चालली म्हणून. ही फाइल मालकाच्या हातात पडल्यावर माझं नाव येगळं सांगावं लागंल का?"

"साहेब दाखवणार नाहीत."

"तू सांगतीस व्हय? तुला गाणं चिटकवू न्हाय एवढं बी कळलं न्हाय."

तिच्या पगारावर घरातली चार माणसं जेवतात. माझ्या प्रत्येक पत्रकात 'निर्भय व्हा' असतं. ते लिहिणारीची नोकरी जात नाही.

"मग राहू दे?"

"ऱ्हाऊ दे कसं? दार बंदच हाय की." तिनं फोन काढून घेतला. "येकीच्याच फोनचं नाव कशाला? उद्या जेवणाच्या सुट्टीत समद्या जातो. जिचा तिचा फोन."

गुरुवारी एक वाजल्यापासून मी गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसून होते. एक वीस झाले, काही नाही. फोन काढून घेतले असतील. किंवा मुकादमानं नेमकं आजच दार उघडलं असेल, आणि अक्का सगळ्यांसमोर उघडी पडली असेल.

एक एकतीसला पहिली फाइल आली. मग दुसरी. एकूण सात. एकीत मुकादमाचा हात कॅमेऱ्यावर येतो, "ए, फोन ठेव खाली," आणि मागून कुणीतरी म्हणते, "कुलूप लई झकास हाय मामा. घरी असलंच घ्यायचंय, म्हणून फोटू काढतोय."

एका फाइलवर मात्र तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची. त्या फोनची तारीख कुणी कधी लावलीच नव्हती. ती गुपचूप वगळावी असं मला वाटलं. मग ठेवली. त्यातही मुकादमाचं तेच ओरडणं होतं.

शुक्रवारी साहेबांनी प्रत्येक फाइलचे तपशील स्वतः उघडले. जुन्या तारखेपाशी थांबले. ती मी आधीच कागदावर लिहून दिली होती.

"काढले कुणी?"

"सगळ्यांनी."

"आणि सोमवारचा?"

"तो देत नाही."

त्यांनी सातही फाइली उतरवून घेतल्या. दुपारी ते कारखान्यात गेले.

संध्याकाळी अक्काची फाइल आली, डॉक्युमेंट म्हणून. साखळी नसलेलं दार, बाहेरचं ऊन, वाऱ्यानं आत येणारी धूळ. मी त्यावर काही लिहिलं नाही.