रत्नम्माची कळलावी

अर्धा माळ चढून झाला तरी रत्नम्मा बसायला तयार नव्हती. उदगीरहून एसटीनं फाट्यावर उतरून आम्ही दोघी तासभर चालत होतो. तिच्या हातात खुरपं, माझ्याकडं पिशवी.

"अव्वा, दम घे की जरा."

"दम तुला लागलाय, बाई. खुर्चीवर बसून शिकवून शिकवून जड झालीस."

आमच्या गल्लीतली कितीतरी बाळंतपणं तिच्या हातची. माझा थोरलासुद्धा.

बोराटीच्या जाळीत तिला लाल दिसलं. कळलावी. पानांची टोकं वळून काटक्यांना धरून होती. फुलं खाली पिवळी, वर जाळासारखी लाल. दिवाळीनंतर वेल वाळते, पण कंद मातीत जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. अडलेल्या बाईच्या तळपायाला तो उगाळून लावायचा आणि पोर बाहेर आलं की लगेच धुवायचा, ही जुन्या सुइणींची रीत. पोटात गेला तर तोच जीव घेतो.

बाळंतपणं दवाखान्यात गेली, तरी रत्नम्मानं दोन कंद जपले होते. चुलीमागं, रताळ्यांच्याच दुरडीत.

महाशिवरात्रीला रत्नम्माच्या घरचे देवळात होते. अंगात ताप म्हणून सून शिवकन्या घरीच राहिली. बारा वर्षांच्या नातीनं, वर्षाराणीनं, आईसाठी त्या दुरडीतली रताळी फराळाला उकडली. तिसऱ्या दिवशी शिवकन्येला मातीत ठेवलं. पोरीनं रताळी नीट बघून घेतली नाहीत, किडकी असतील, असं घरात सगळे म्हणाले. तेव्हापासून ती वर्गात खाली मान घालून बसते. डबा तसाच परत नेते.

खुरपं चालवता चालवता रत्नम्मा म्हणाली, "दुरडीत एक कंद कमी दिसला तवाच कळलं मला. डाक्टरनं इचारलं, काय खाल्लं? मी म्हणाले, रताळी. कंदाचं नाव काढलं न्हाई."

मी मनातल्या मनात महादेवाचं नाव घेतलं.

"इथला एकबी कंद ठेवणार न्हाई," ती म्हणाली. हातातला वाकडा कंद तिनं पिशवीत टाकला. मग तशीच मातीत बसली.

"सहा महिने झाले, पोरगी मलाच इचारायलीय, अव्वा, मी मारलं का आईला? माझं तोंड उघडत न्हाई. तू तिची बाई हायस, तुझं ऐकती ती. उद्या प्रार्थना झाली की तिला बाजूला घे. सांग, कंद तुझ्या अव्वानं ठेवला होता. आन् मग तिला घरी धाडू नको लगेच. थोडा वेळ तुझ्याजवळ बसू दे."