दोघांची स्प्रिंग

ग्रीसचा वास आला की शारजातलं ते गॅरेज आठवतं. मंदीत माझा पगार घटला, म्हणून बायको आणि मुलगी पुण्याला परतल्या. देश सोडून निघालेल्या एका सहकाऱ्याची वाळूत चालवायची चारचाकी क्वाड बाईक मला स्वस्तात मिळाली. चढावर पुढची चाकं उचलली जाऊ नयेत म्हणून लांब स्विंगआर्म, म्हणजे मागची चाकं धरणारा दांडा, मी लगेच निवडला. अडलं ते सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर; एकट्यासाठी मऊ लागते, दोघांसाठी कडक. मेकॅनिकने विचारलं, "हबीबी, पीछे कोई बैठेगा?" मी म्हणालो, "बेटी बैठेगी." "कब आएगी?" "इन्शाल्ला, जल्दी." त्या कडक स्प्रिंगवर एकट्याने टेकड्या उतरताना कंबर मोडायची. "बदल दूँ?" त्याने नंतर विचारलं. मी नको म्हणालो. मुलगी आता पुण्यातच नोकरी करते. मी अजून इथे शारजातच आहे, आणि स्प्रिंगही तीच आहे.