अर्ध्या टेबलाची शोभा

माझ्या सासूबाईंना, लिडियाबाईंना, उघडी वस्तू बघवत नसे. रेडिओला झालरीचं झाकण, घड्याळाला टोपरं, माठाला मण्यांची जाळी. आजोबांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या, कवळीच्या पेल्यावरसुद्धा त्यांनी गुलाबी लोकरीचं फूल विणून ठेवलं होतं. मी लग्न होऊन शेवगावला आले त्या दिवशी त्यांनी आधी माझी ट्रंक भरतकामाच्या फडक्याखाली झाकली. या घरात फार वेळ एका जागी बसायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

अशा बाईनं सणाच्या दिवशी अर्धं टेबल उघडं ठेवलं, याचा अर्थ पाहुण्यांना कळायचा नाही. आम्हाला घरात चांगलाच कळत होता.

झालं होतं असं. सासूबाईंच्या आईनं एक टेबलक्लॉथ भरला होता. पांढऱ्या कापडावर हिरव्या वेली आणि निळी फुलं. घरात टेबल कधीच नव्हतं, त्यामुळे तो नाताळात ट्रंकेवर पसरायचा आणि नंतर घडी घालून ठेवायचा. आई गेल्यावर तो सासूबाईंनाही हवा होता आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला, नगरच्या दयामावशींनाही. मावशी दवाखान्यात परिचारिका. त्यांच्यापुढं रोगीसुद्धा परवानगी घेऊन कण्हत, असं म्हणत. दोघी हटेनात, तेव्हा माझे सासरे मध्ये पडले. त्यांचं नाव शलमोन, आणि बाजारपेठेत शिंपीकाम. नावाला जागायचं त्यांच्या मनानं घेतलं. बायबलात दोन बाया एका बाळासाठी भांडतात, शलमोन राजा म्हणतो बाळ कापून अर्धं अर्धं द्या, आणि खरी आई लगेच हात सोडते. मामंजींनी कात्री आणली आणि म्हणाले, ‘‘कापतो.’’ गोष्ट दोघींना तोंडपाठ होती. पहिली कोण ‘नको’ म्हणते, याची दोघी वाट बघत राहिल्या. शिंप्याच्या हातात कात्री आली की ती आपण होऊन थांबत नाही. मामंजींनी कापड मधोमध कापलं, वर दोन्ही कडा दुमडून शिलाईही मारून दिली.

तेव्हापासून बहिणी वर्षातून एक वाक्य बोलत. ईस्टरच्या पहाटे मावशी वडिलांना भेटायला शेवगावला येत, चर्चमध्ये म्हणत, ‘‘ख्रिस्त उठला आहे.’’ सासूबाई म्हणत, ‘‘खरोखर उठला आहे.’’ तेवढं म्हणणं भागच होतं. मग मावशी पाळकसाहेबांच्या घरी जेवून नगरची एसटी धरत.

त्र्याहत्तर साली ईस्टरच्या आधी आजोबांनी फर्मान काढलं. ‘‘पहाटंची उपासना झाली की दोघींनी माझ्यासमोर खायाचं. एका टेबलाला. दयाला मी निरोप धाडलाय.’’

‘‘बाबा, टेबल कुठं हाय आपल्याकडं?’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘ते तू बघ.’’

त्यांनी बघितलं. दुष्काळाचं वर्ष, टँकर आला नव्हता, तेव्हा पाण्याची दोन पिंपं रिकामी होती. त्यांच्यावर ठेवायला लांब रुंद फळी हवी. सासूबाईंची नजर पुढच्या दारावर गेली.

‘‘अगं, घर उघडं पडंल,’’ मामंजी म्हणाले.

‘‘शिंगनापुरात एका घराला दार न्हाई. त्येंचं काय वाहून गेलं? काढा.’’

मामंजींनी आणि आमच्या ह्यांनी दार बिजागरीतून काढून पिंपांवर आडवं टाकलं. सासूबाईंनी आपला अर्धा टेबलक्लॉथ स्वयंपाकघराकडच्या बाजूला पसरला. ट्रंकेवरच्या रोजच्या वापरानं तो मऊ झाला होता, एका फुलावर हळदीचा डाग होता. दाराच्या मध्यावर येऊन तो संपला. पुढं नुसतं लाकूड आणि लोखंडी कडी. मी धुतलेली चादर आणली.

‘‘राहू दे. तिथं दया बसंल.’’

असं म्हणून त्यांनी तो उघडा अर्धा भाग ओल्या फडक्यानं पुसला. पाणी मापून वापरायच्या दिवसांत पुन्हा पुन्हा पुसला. मला त्यांचा राग आला होता, पण ते पुसणं बघून गेला. मावशी आपला अर्धा आणणार नाहीत ही भीती त्यांना होतीच. त्या स्वतःच येणार नाहीत, ही त्याहून मोठी होती.

सगळ्या आळीत हिरवं म्हणावं असं चर्चच्या आवारातलं एक कडुलिंबाचं झाड उरलं होतं. त्याची पालवी त्यांनी पितळी तांब्यात खोचली आणि तांब्या टेबलक्लॉथवर ठेवला. टेबल, खरं सांगते, फार देखणं दिसत होतं. निदान अर्धं.

मावशी आल्या. पांढरीशुभ्र साडी, हातात पिशवी. त्यांनी टेबलाकडं पाहिलं, कडीकडं पाहिलं आणि उघड्या बाजूला बसल्या. पिशवी मांडीवरच ठेवली. सासूबाई समोरच्या टोकाला. आजोबा लांब बाजूला मधोमध, दाराच्या मोकळ्या चौकटीकडं तोंड करून. खिमा, शिरा आणि अंडी आतच होती, कारण आजोबांची प्रार्थना लांबते, आणि आमेन होईपर्यंत अन्न बाहेर आणायचं नाही हे घर अनुभवानं शिकलं होतं. प्रार्थनेत बोललेलं मात्र आजोबांना खपत नसे.

सगळ्यांनी डोळे मिटले. आजोबांनी उठलेल्या प्रभूचे आभार मानले, मग खडी फोडायच्या कामावरच्या लोकांसाठी मागितलं, मग पावसासाठी. तेवढ्यात कुरकुर आवाज आला. मी डोळे उघडले. शेजारच्या छबूबाईंची शेळी टेबलाशी उभी राहून आमची शोभा खात होती.

समोर सासूबाईंचे डोळे उघडे होते. मावशींचेही. दोघींनी शेळीकडं पाहिलं, मग एकमेकींकडं. बोलायची सोय नव्हती. सासूबाईंनी हातानं शुक्‌ केलं, मावशींनी पदर हलवला. शेळीनं पालवी संपवली आणि टेबलक्लॉथवरची हिरवी वेल तोंडात धरली. तिची तरी काय चूक? तिनं कित्येक महिन्यांत हिरवं पाहिलं नव्हतं.

मी ताटल्या मांडीवर ओढल्या, तांब्या ह्यांनी उचलला. सासूबाईंनी एक टोक धरलं. मावशी पिशवी टाकून धावल्या आणि त्यांनी दुसरं धरलं. शेळी सोडेना. आजोबा पंचायत समितीसाठी मागत होते. कापड ताणलं गेलं, शिवण उसवल्याचा बारीक आवाज झाला, आणि दोघी बहिणींनी एकाच क्षणी हात सोडले.

शेळी भेलकांडत उंबऱ्यावर गेली, घाबरून कापड टाकलं आणि पळाली. मामंजी तोंडावर रुमाल धरून गदगदत होते. सासूबाई मात्र हसत नव्हत्या. त्या मावशींच्या रिकाम्या हातांकडं बघत होत्या आणि मावशी त्यांच्या. दोघींचे डोळे भरले होते, आणि माझेही भरले.

मावशींनी कापड उचललं, झटकलं, पुन्हा पसरलं. मग पिशवी उघडून त्यांनी आपला अर्धा काढला. पांढराशुभ्र, घडीसुद्धा न मोडलेला. त्यांनी एक कड सासूबाईंकडं दिली. दोघींनी तो न बोलता कडीवर अंथरला, सुरकुत्या काढल्या, माझ्या मांडीवरच्या ताटल्या घेऊन मांडल्या. मामंजींच्या शिलाईत कापड गेल्यामुळे मध्ये फट राहिली. सासूबाईंनी त्या फटीवर तांब्या ठेवला.

एवढं सगळं होईपर्यंत आजोबा प्रार्थनाच करत होते. साखर कारखान्याच्या चिमणीसाठी त्यांनी आशीर्वाद मागितला. एसटीच्या टायरांसाठी मागितला. मग जरा थांबले, आणि म्हणाले, ‘‘आमेन.’’

डोळे न उघडताच त्यांनी समोर हात फिरवला. मऊ बाजूवरून कडक बाजूवर.

‘‘शेळी गेली का?’’

‘‘बाबा,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘तुम्हाला दिसत होती?’’

‘‘शिरली तवाच दिसली.’’

‘‘मग थांबायचं की,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘थांबलो असतो तर तुमी दोघी बोलल्या असत्या,’’ आजोबा म्हणाले. ‘‘बोलल्या असत्या तर भांडल्या असत्या. आता खायाला आना. माझं मागायचं सगळं संपलं.’’